डिंकाखालचं चित्र

आमच्या अवसरीच्या घरात स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरलेले कागद मुंबईचे होते आणि आईला त्यांचा भारी तोरा होता. बाकीच्यांच्या फळ्यांवर वर्तमानपत्रं असत. ती दोन महिन्यांत पिवळी पडायची, डबा ओढला की फाटायची. आमचा कागद जाड, हाताला मऊ, वरून तेल सांडलं तरी टिकून राहणारा. आई त्याची पुढची कड कात्रीनं त्रिकोणी त्रिकोणी कापायची आणि फळीखाली लोंबती सोडायची. शेजारणी आल्या की आधी फळीकडे बघायच्या. त्या कागदांवर काळे फराटे होते. कुठे लाटण्याएवढा जाड, कुठे नुसते शिंतोडे, कुठे कोळसा ओढत नेल्यासारखी खरबरीत रेघ. मला ते सगळे पाठ होते. जिऱ्याच्या डब्याखालून निघालेला एक फराटा हळदीच्या बरणीपाशी तुटायचा आणि पुढे मिठाच्या सटाच्या पलीकडे पुन्हा निघायचा. पण ते चित्र असेल असं कधी कुणाच्या मनात आलं नाही. आप्पा मुंबईहून येताना वळकटीत ते कागद गुंडाळून आणत आणि आईच्या हातात देत म्हणत, "वाया गेलेले हाईत, घे तुला." वाया गेलेले, म्हणजे कुणीतरी शाई सांडून नासवलेले, असं मी धरून चालले होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. मुंबईच्या एका चित्रकलेच्या कॉलेजात ते छपाईच्या विभागात अटेंडंट होते. जयंतीला, दिवाळीला आणि मध्येच कधी चार दिवस, एवढेच ते आमच्या वाट्याला यायचे. आले की घरात टर्पेंटाइनचा आणि सुक्या बोंबलांचा वास एकदमच शिरायचा, कारण पिशवी एकच असायची. आई बोंबील तव्यावर भाजायची, लसूण-मिरचीत त्यांचं लालभडक कालवण करायची, आप्पा दोन भाकऱ्या खायचे, "बरं झालंय" म्हणायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे. संपलं बोलणं. आई मात्र पहाटे चुलीपासून बोलायला लागायची ती बटाट्याच्या वावरात, विहिरीवर, दळणाच्या रांगेत बोलतच असायची. अडीच एकराचं शेत तिनं एकटीनं सांभाळलं होतं. मोटारीचा फ्यूज गेला तर तीच तार बांधायची. मला वाटतं, वर्षभराचं दोघांचं बोलणं ती एकटीच पुरं करत होती. आप्पांशी बोलताना मला कायम पाहुण्याशी बोलल्यासारखं व्हायचं. "अभ्यास कसा हाय?" "चांगला आहे." पुढे काय बोलायचं ते त्यांनाही सुचायचं नाही आणि मलाही नाही.

मी मंचरला अकरावीत होते तेव्हा आप्पा कायमचे परत आले. त्यांच्या विभागात दगडावरची छपाई बंद झाली होती, पत्र्यावर छापायची नवी यंत्रं आली होती, आणि दगड घासणाऱ्या माणसाला तिथं काही काम उरलं नव्हतं. ते नोकरीचे दिवस संपायच्या आधीच निघाले. आम्हाला वाटलं नेहमीसारखे पिशवी घेऊन येतील. आले ते टेंपोच्या हौद्यात बसून. मागे कॉलेजनं भंगारात काढलेलं, चार तुकडे केलेलं लोखंडी यंत्र आणि गोणपाटात बांधलेले पाच दगड. उतरवायला आळीतले सहा गडी लागले. एकेक दगड उंबऱ्याएवढा लांब, वीतभर नाही पण चार बोटं तरी जाड, फिकट राखाडी, वरून पाटीसारखा सपाट.

आई पदर खोचून अंगणात उभी होती. "अहो, पाटा-वरवंटा हाय मला. हे कशाला?"

"वाटायचे न्हाईत. छापायचे हाईत," आप्पा म्हणाले.

"अन् एवढी दगडं मुंबईवरनं वाहून आणली? आपल्या डोंगरात कमी हाईत का?"

"हे जर्मनीचे हाईत."

आई गप्प झाली. तिच्या आयुष्यात असं फार वेळा झालं नसेल. मग टेंपोवाल्याकडे वळून म्हणाली, "बघा राव, मानूस मुंबईला पाठवला व्हता, जर्मनीची दगडं घेऊन आला!" आणि सगळे हसले. आप्पाही थोडे हसले.

यंत्र आणि दगड गोठ्याच्या मोकळ्या पडवीत गेले. आमची म्हातारी गाय त्याच साली गेली होती, दावण रिकामी होती. आप्पांनी पडवीची जमीन चोपून घेतली, यंत्र जोडलं, दगड ठेवायला एक टेबल केलं. त्यानंतर मी रोज कॉलेजातून आले की पडवीत काय चाललंय ते बघायला जाऊ लागले. या छपाईत कोरायचं काही नसतं. दगडावर तेलकट शाईनं काढायचं, मग दगड ओला करायचा. जिथं तेल आहे तिथं पाणी ठरत नाही, जिथं पाणी आहे तिथं शाई ठरत नाही. रोलर फिरवला की शाई बरोबर काढलेल्या जागीच बसते आणि कागदावर उतरते. आप्पांनी मला हे असं सांगितलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले होते, "ह्या दगडाला तेल कळतं अन् पानी बी कळतं." बाकीचं मी पुढे बघून जुळवलं.

मुंबईत मिळणारं सामान इथं कुठून आणायचं? घासायला ते घोड नदीची वाळू आणायचे. ती मी तीन चाळण्यांतून चाळून द्यायची, जाड, मधली आणि मैद्यासारखी. दगडावर लावायचा डिंक आमच्याच बांधावरच्या बाभळीचा. थेंबभर अ‍ॅसिड लागायचं ते मंचरच्या एका सोनाराकडून बाटलीत यायचं. दगडावर वाळू-पाणी टाकून दुसरा लहान दगड त्यावर उपडा घालायचा आणि इंग्रजी आठचा आकडा काढत तो फिरवत राहायचा. सुरुवातीला आवाज जात्यासारखा घरघर येतो. वाळू बारीक होत गेली की आवाज खाली उतरतो, आणि शेवटी नुसतं कुणी दुरून सुपात पाखडतंय असं ऐकू येतं. तो शेवटचा आवाज आला की आप्पा थांबायचे, दगड धुवायचे, वर ओला तळवा फिरवायचे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठ महिने ते चार दगड आलटून पालटून घासत होते. चित्र मात्र काही काढत नव्हते. आई म्हणायची, "सवय हाय, दुसरं काय. तुज्या बापाचं हात रिकामं ऱ्हाईना." मला मात्र वाटायचं, कशाची तरी वाट बघतायत.

आल्याच्या पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात येऊन ते फळ्यांपुढे उभे राहिले होते. आईनं त्रिकोण कापलेल्या कडेला त्यांनी बोट लावलं. मी विचारलं होतं, "आप्पा, हे काय काढलंय ह्याच्यावर?" ते म्हणाले, "वाया गेलेले हाईत. शाई जास्त झाली." एवढंच. हे त्यांचं वाक्य पुढे मला फार महागात पडलं, म्हणून इथं सांगून ठेवते.

चित्रकलेत माझा हात चांगला होता. शाळेत असताना दोन्ही ग्रेड परीक्षांत मला ए मिळाला होता. माझी चित्रं स्वच्छ असायची. पिंपळाचं पान काढलं तर शिरा मोजून घ्याव्यात. आमच्या विहाराच्या भिंतीवर मी बोधिवृक्ष काढला होता. त्याच्या पानांसाठी उन्हाळ्याची अर्धी सुट्टी घालवली आणि लोकांनी जवळ जाऊन पानं मोजली. आप्पांनीही तो पाहिला. "लई पानं काढलीस," म्हणाले. हे कौतुक होतं की नाही ते मला कळलं नाही, आणि ते कळलं नाही याचंच मला वाईट वाटत राहिलं. मग मनात घेतलं की एक दगड आपण स्वतः घासायचा, त्यावर असा वृक्ष काढायचा की बापाला दोन शब्द जास्त बोलावे लागतील. मात्र चार दगड त्यांच्या हाताखाली असायचे, त्यांना मी कशी हात लावणार? पाचवा तेवढा भिंतीला टेकून, गोणपाटाखाली पडून असायचा. एकदा मी गोणपाट उचलून पाहिलं होतं. दगडावर पिवळट, चकचकीत पापुद्रा आणि खाली तेच ते काळे फराटे. मला वाटलं, हाही वाया गेलेला.

आई-आप्पा गाय घ्यायला बेल्ह्याच्या बाजाराला गेले त्या दिवशी मी कॉलेज बुडवलं. त्यांची पाठ वळली तशी मी ओढणी कंबरेला बांधली. दगड जागेवरून हलवणं माझ्याच्यानं झालं नसतं, म्हणून शेजारच्या दोन मुलांना बोलावून तो टेबलावर आडवा करून घेतला. पाणी टाकलं तसा पापुद्रा विरघळला आणि काळा रंग असा काही उजळला की मी क्षणभर थांबले. हे मला स्पष्ट आठवतं. एक मोठा फराटा डाव्या खालच्या कोपऱ्यातून उठून वर गेला होता, वरती वळताना फाटला होता, आणि त्या फाटीतून दगड दिसत होता. मी थांबले, बघितलं, आणि वाळू टाकली. जाड वाळू, मग मधली. खांदे भरून आले. दुपारी भाकरी खायला उठले तेव्हा अजून करड्या सावलीसारखं काहीतरी दिसत होतं. पुन्हा बसले. तीनच्या सुमाराला तो सुपात पाखडल्याचा आवाज आला, आणि मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. दगड धुतला. लख्ख. मी आप्पांसारखा वर तळवा फिरवला.

संध्याकाळी दिवस असतानाच ती दोघं गाय घेऊन आली. काळी-पांढरी, मोठ्या पोटाची, बिचकणारी. आई तिच्यावर पाणी उतरून टाकायच्या गडबडीत होती. मी आप्पांचा हात धरून, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांना पडवीत नेलं.

त्यांनी दगडाकडे पाहिलं. मग भिंतीकडे, जिथं गोणपाट रिकामं पडलं होतं.

"घासला?"

"हो. मी एकटीनं."

"सगळा?"

"सगळा. वाया गेलेलाच होता ना?"

त्यांनी दगडावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले, टेबलाच्या पायाला पाठ टेकवून, बाजाराचे कपडे अंगावर तसेच. आई गाय सोडून आत आली. "काय झालं?" आप्पा म्हणाले, "मॅडमचा दगड व्हता. आयतवारी येनारेत त्या, छापायला."

कोण मॅडम, कसली छपाई, आईलाही काही ठाऊक नव्हतं. मग त्यांनी जे सांगितलं ते इतकं सलग बोलणं मी त्यांच्या तोंडून तोवर ऐकलं नव्हतं. कोतवाल मॅडम त्यांच्या कॉलेजात शिकवायच्या. बाकीचे मास्तर दगडावर माणसं, देवळं, होड्या काढायचे. मॅडम नुसता हात चालवायच्या. मोठा ब्रश शाईत बुडवून, उभ्यानं, अख्ख्या अंगानं. पोरं मागे हसायची. कुणी म्हणायचं, हे तर फरशी पुसल्यासारखं आहे. त्यांचे दगड छापायला आप्पाच असायचे; शाई जास्त होऊन फुकट गेलेले त्यांचेच कागद आमच्या फळ्यांवर आले होते. एकदा मॅडमनी एक दगड एका दमात काढला. "सात कागद छापले. आठव्याला रोलरचं कातडं फाटलं. दुसऱ्या दिवशी दगड घासायची माझी ड्युटी व्हती. म्या घासला न्हाई. डिंक लावला अन् कपाटामागं ठिवला. साहेबानं इचारलं, एक दगड कमी कसा? म्हनलं, तडा गेलाय." डिंकाखाली चित्र जिवंत राहतं. तो वाळून तडकू नये म्हणून दरवर्षी धुऊन ताजा लावावा लागतो. माझ्या बापानं कुणाला न सांगता तेरा वर्षं तो लावला होता. मॅडमच्या घरातले सगळे कागद आता वाळवीनं खाल्ले होते. त्यांनी पत्र टाकून विचारलं, नामदेव, तुमच्याकडे एखादा असेल का? आप्पांनी उलट टपाली कळवलं होतं, कागद नाही, पण दगड आहे.

"तुमाला कागद न्हाई दिला त्यांनी?" आईनं विचारलं.

"देत व्हत्या. म्या घेतला न्हाई. म्हनलं, दगड हाय की." मग म्हणाले, "मला चित्रातलं कळत न्हाई. पर तो छापताना हाताला ग्वाड लागायचा."

मी रडायला लागले होते. आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. आई मात्र त्यांच्यासमोर उभी राहिली. "पोरीला सांगितलं व्हतं का तुमी? मला तरी? आठ महिनं घरात हाय, तोंडातनं शबूद न्हाई. इचारलं की वाया गेलेले! ती तरी काय करनार? वीस वर्सं हितं मी एकटी बोलले. आता तुमी बी बोला जरा." आणि गायीला पेंड ठेवायला निघून गेली. तिचं चुकलं नव्हतं. माझंही पुरतं चुकलं होतं असं आज वाटत नाही. पण त्या संध्याकाळी मला मरून जावंसं वाटत होतं.

सकाळी आप्पांनी मला हाक मारली. दगडावर त्यांनी लोखंडी पट्टी उभी धरली होती. "हितं ये. खालून उजेड दिसतो?" पट्टीच्या खाली मध्यभागी केसाएवढी फट होती. "मधी जास्त घासलास. नवीन मानूस मधीच घासतो. कडा सोडतो." मग त्यांनी स्वतः वाळू टाकली, माझे हात वरच्या दगडावर ठेवले, त्यांवर आपले ठेवले, आणि आम्ही तो पुन्हा घासला. कडेपर्यंत, कोपऱ्यापर्यंत. करड्या सावलीचा जो काही अंश राहिला असेल तो त्यांनी आपल्याच हातांनी पुसला. त्या सकाळी त्यांनी मला जेवढं शिकवलं तेवढ्यावर माझी पुढची सगळी छपाई उभी राहिली. मधूनमधून ते बोलतही होते. दगड आतून कसा ओळखायचा, कुठला मास्तर चिडका होता, कॉलेजच्या मागे चहा कोण विकायचा. आईनं पडवीच्या दारातून दोनदा डोकावून पाहिलं आणि काही न बोलता गेली.

रविवारी आप्पा मॅडमना घ्यायला मंचरच्या स्टँडवर गेले. जाताना मला म्हणाले, "मी सांगतो, माझ्या हातनं झालं. तू मधी पडू नको." मॅडम आल्या त्या साठीच्या पुढच्या, आखूड केसांच्या, गुडघ्यांनी अधू. खांद्याला झोळी आणि बगलेत कागदाची लांब गुंडाळी. चहा झाला. आप्पांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. तेरा वर्षांपूर्वी साहेबाला बोललेलं एक खोटं सोडलं तर त्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं. मीच म्हणाले, "मॅडम, तुमचा दगड मी घासून टाकला. मला माहीत नव्हतं." आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, फळ्यांवरच्या कागदांसकट.

मोठी माणसं अशा वेळी हसून समजून घेतात, असं गोष्टींत असतं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. "मी त्या एका दगडासाठी आले होते, नामदेव," त्या म्हणाल्या, कप खाली ठेवला आणि बाहेर निघून गेल्या. आप्पा उठले तसं आईनं त्यांना हातानं बसवलं आणि स्वतः मागे गेली. अर्ध्या तासानं दोघी परत आल्या तेव्हा मॅडमच्या साडीच्या काठाला चिखल होता आणि त्या विचारत होत्या, "मग किती महिन्यांची गाभण आहे?" आईनं त्यांना काय सांगितलं असेल याचा मी पुढे कित्येक वर्षं विचार करत होते. शेवटी एकदा विचारलंच. आई म्हणाली, "काय सांगायचं? मी आपली नवी गाय दावली."

मॅडम पडवीत आल्या. घासलेल्या दगडावर त्यांनी गाल टेकवल्यासारखा चेहरा खाली नेऊन आडव्या उजेडात पाहिलं. "कुणी घासलाय?" आप्पा म्हणाले, "आमी दोघांनी." त्या म्हणाल्या, "शाई आहे?" शाई होतीच. आप्पांनी दोन दिवस आधीपासून सगळं मांडून ठेवलं होतं. त्यांना वाटत होतं, मॅडम तेच चित्र पुन्हा काढतील. मॅडमनाही तसंच वाटत होतं. त्यांनी ब्रश भिजवला, डाव्या खालच्या कोपऱ्यापाशी टेकवला, आणि जो फराटा उठला तो वर जाईपर्यंत दमला. मलासुद्धा कळलं. तो मला आठवत होता, घासायच्या आधी मी थांबून पाहिला होता ना. मॅडम म्हणाल्या, "तेव्हा माझे गुडघे चांगले होते." आम्ही दगड पुन्हा घासायला घेतला. त्या दिवशी आईनं मासवडी केली होती. तिखट आमटीत बुडलेल्या वड्या मॅडमनी नाक पुसत पुसत खाल्ल्या आणि कृती लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बराच वेळ नुसत्या स्टुलावर बसून होत्या. मग कोपऱ्यात चुन्याच्या बादलीत ठेवलेला कुंचा त्यांना दिसला. भिंतींना चुना द्यायचा, अंबाडीचा, झिपऱ्या झालेला. "हा धुऊन आणशील?" मी तो विहिरीवर नेऊन चुना पुरता निघेपर्यंत धुतला, उन्हात वाळवला. मॅडमनी तो शाईच्या पातेल्यात बुडवला. गुडघ्यांमुळे त्यांना उभं राहता येत नव्हतं, म्हणून बसूनच, दोन्ही हातांनी धरून, कमरेतून वळत त्यांनी तो दगडावर उजवीकडून डावीकडे ओढला, मध्येच आपटला, आणि उचलून घेतला. शिंतोडे भिंतीवर गेले, आप्पांच्या सदऱ्यावर गेले, माझ्या कपाळावर आले. गायीनं दावं ताणलं. बादली रिकामी करायला लागतो तेवढा वेळ, त्याहून जास्त नाही. मी आ वासून बघत राहिले. मला एक पान काढायला याच्या दसपट वेळ लागायचा. दगडावर जे उमटलं होतं ते ठेंगणं, रुंद, जमिनीला धरून असलेलं काहीतरी होतं, पण आतून जोर लावत असलेलं. आधीच्यासारखं ते मुळीच नव्हतं. मॅडम हात पुसत म्हणाल्या, "हं. आता तुमचं काम."

आणि मग मला माझा बाप दिसला. शाई वाळू दिली, डिंकात अ‍ॅसिडचे थेंब मोजून टाकले, तो दगडावर फिरवून फेस किती येतो ते कान लावून ऐकलं. दुसऱ्या दिवशी टर्पेंटाइनच्या चिंधीनं त्यांनी दगड पुसला आणि सगळं चित्र नाहीसं झालं. मी किंचाळले. "थांब," ते म्हणाले. मी पाण्याचा बोळा फिरवला, त्यांनी रोलर चालवला, एकदा, दोनदा, आणि काळं हळूहळू वर येऊ लागलं, पहिल्यापेक्षा गडद, शिंतोड्यान् शिंतोडा जागेवर. कागद ठेवला, वर पुठ्ठा ठेवला, यंत्राचा दांडा त्यांनी धरला. एरवी वाकून चालणारा माणूस त्या दांड्याशी सरळ झाला. दगड दाबाखालून पलीकडे गेला, दाब सैल झाला. त्यांनी कागदाची दोन टोकं चिमटीत धरून तो सोलल्यासारखा उचलला आणि आम्हाला दाखवण्याआधी स्वतः पाहिला. "ग्वाड लागला," ते म्हणाले.

दोन दिवसांत नऊ कागद निघाले. मी बोळा फिरवायची, आप्पा रोलर चालवायचे, आई विहिरीवरून पाणी आणून ओतायची आणि गाळ झालेलं काढून न्यायची. मॅडम स्टुलावर बसून आईला मुंबईच्या गोष्टी सांगायच्या. तेवढी चार माणसं त्या पडवीत इतकी खुशीत होती की आळीतली मंडळी काय चाललंय बघायला यायची. एक म्हातारे चुलते बराच वेळ बघून म्हणाले, "रेड्यावानी दिसतंय," आणि मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी वहीत टिपून घेतलं.

मी पुढे चित्रकलेची शिक्षिका झाले, जुन्नरच्या शाळेत उभी हयात काढली. कुंचा घेऊन मीही पुष्कळदा पाहिलं. माझा हात तसा चालत नाही. मला पानंच काढायला आवडतात, आणि हे सांगताना मला आता लाज वाटत नाही. मात्र दगड घासणारी माझ्यासारखी दुसरी कुणी सापडेल असं वाटत नाही. आप्पा गेले त्याच्या आदल्या महिन्यापर्यंत आम्ही दोघं त्या पडवीत छापत होतो आणि बोलत होतो. आई म्हणायची, "आता ह्यांचं तोंड कुनी तरी बंद करा."

मॅडम निघाल्या त्या सकाळी कागद पुरते वाळले होते. एक आमच्या घरासाठी ठेवायचा ठरला. त्यांनी तो पाटावर पसरला, चित्राखालच्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि पेन्सिल आप्पांपुढे धरली. "नामदेव, आधी तुम्ही."

"मी कशाला? चित्र तुमचं."

"छापलं कुणी?"

आप्पांनी हात सदऱ्याला पुसला आणि डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव लिहिलं. तीस वर्षांत हजारो कागद त्यांच्या हातून निघाले, त्यांतल्या एकावरही ते नव्हतं. मग मॅडमनी पेन्सिल मला दिली. "घासला कुणी?" मी मान खाली घालून 'सुजाता' एवढंच लिहिलं. आई दारात घागर घेऊन उभी होती. तिनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"अन् पानी कुनी आणलं?"

मॅडमनी हसून पेन्सिल तिच्याकडे केली. आईनं घागर खाली ठेवली, हात धुतले, मांडी घातली. आदल्या वर्षी तिनं गावातल्या साक्षरता वर्गात लिहायला शिकून घेतलं होतं, आणि तिथं शिकवलं होतं तसं, एक अक्षर न गाळता, जीभ दातांत धरून ती लिहू लागली: सौ. हौसाबाई नामदेव रोकडे, मुक्काम पोस्ट अवसरी बुद्रुक, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे. कुणी तिला थांबवलं नाही. ती पार उजव्या टोकापर्यंत गेली, शेवटचा 'णे' कसाबसा बसवला, आणि पेन्सिल मॅडमना परत दिली. मॅडमना सहीला जागाच उरली नव्हती. त्यांनी कागद आडवा फिरवला आणि कडेनं, खालून वर, आपलं नाव लिहिलं.